पंधरावं बटन

...अन् वरतून पोरगी मलेच म्हनते, "बाबा, तुम्ही लय हट्टी आहा!" आता तुम्हीच सांगा, मी हट्टी? चौतीस वर्सं विजेच्या सबस्टेशनात पॅनेलसमोर उभा राहिलेला मानूस मी, चंद्रभान, अन् आमचा एकच नियम... लाइन क्लिअर घेतल्याबिगर बटन दाबाचं नाही! म्हंजे कसं, पहिले पारशिवनीच्या लाइनमनले फोन लावाचा, "गोविंदा, लाइन चालू करू का गा?" तो पाहे, खांबावर कोनी चढलेलं तं नाही, अन् मंग म्हने, "हो, दाब." तवा दाबाचं. एक डाव चूक नाही, बरं!

तर झालं काय, माही बायको सुमती गेली, घरात मी एकटा, त्यात गुडघ्यानं दगा देला. पोरगी बंगलोरले, वैदेही. तिनं एक डबी पाठवली, पंधरा बटनांची. खुर्चीत बसूनच लाइट, पंखा, कूलर, टाकीची मोटर, सारं चालू-बंद! पन कोनतं बटन काहाचं, ते आपनच लॅपटॉपवर ठरवाचं. पंधरा चौकोन, बाजूले चित्रं, चित्र धरा अन् चौकोनात नेऊन सोडा. मी कूलर सोडला तर तो देवघराच्या जागी जाऊन बसला! फोनवर पोरगी वरडे, "बाबा, माऊस धरून ठेवा!" "अवं, धरला ना!" "मग सोडला काहून?" "तूच म्हनली ना, सोडा!" तीन रविवार हे चाललं. लय मजा आली, तुम्हाले सांगतो. चौदा भरले, पंधरावं रिकामं.

आता दाबाचं... पन लाइन क्लिअर? लावला वैदेहीले फोन. "हॉलचा पंखा चालू करू का वं?"

"करा ना बाबा! विचारता काहून? पंख्यावर कोण चढलं आहे तिथं?"

कोनी नाही चढलं. पन नियम म्हंजे नियम! कूलर... फोन. मोटर... फोन. पोरगी मीटिंगमधी राहे, तोंडावर हात ठेवून हळूच म्हने, "हो बाबा, दाबा." दिवसातून आठ-दहा डाव! खोटं काहून बोलू, पंखा गेला खड्ड्यात, मले तो आवाजच पायजे होता. घरात दुसरं बोलते कोन? एक कूलर, त्याची बडबड संपत नाही अन् माहं तो ऐकत नाही.

मंग एक दिवस तिनं बंगलोरात बसूनच माह्या लॅपटॉपात काही खुटखुट केली. म्हने, "बाबा, पंधरावं दाबून पाहा." दाबलं. तर डबीतून तिचाच आवाज... "हो बाबा, दाबा!" म्हने, "घ्या तुमची लाइन क्लिअर! आता मला फोन करायची गरजच नाही!" अशी खूश झाली गा पोरगी... म्हनलं, "भारी काम केलं वं, बाई."

तवापासून फोन बंद. लाइन क्लिअर घेतल्याबिगर बटन दाबाचं नाही, म्हनून पंधरावं दाबतो, मंग पंखा. अन् पंखा चालूच असला, तरी दाबतो. चौदा बटनं नवीकोरी आहेत, पंधरावं ढिलं होऊन राहिलं.

परवा म्हनलं, विचारून तर पाहू. डबी समोर घेतली, "वैदेही, दिवाळीले येशीन का वं?" अन् दाबलं.

"हो बाबा, दाबा."

हसा, हसा! मले काय मालूम नाही का, रेकॉर्डिंग आहे ते? पन लाइन क्लिअर भेटली का मांगं सराचं नाही, हाही नियमच ना... उठलो, गुडघ्याले दोन शिव्या देल्या, अन् तिची गादी उन्हात टाकून आलो!