मिसेस ब्राउनची मांजरं

अबोली : संपली वेळ. पेन खाली.

जॅकलिन : कधीच ठेवलंय. तू मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीयस, तुला कुठे दिसणार?

अबोली : चाळीस मिनिटांचा पेपर आहे, बाई. कितीत लिहिलास?

जॅकलिन : पंचवीस. चहा ठेवू?

अबोली : चहाबिहा नंतर. आण इकडे तो कागद. आणि हळू बोल, अंकल झोपलेत ना आत?

जॅकलिन : डॅडी दुपारचे झोपले की पाचपर्यंत हलत नाहीत. वाच तू. आणि असा टीचरसारखा चेहरा नको करूस यार, बारा वर्षं एका वॉर्डात बेडपॅन उचललीयत आपण.

अबोली : आज मी टीचरच आहे. तुझ्या नवऱ्यानं नेमलंय मला, डब्लिनहून फोन करून. 'अबोली, प्लीज, तू पहिल्या फटक्यात पास झालीस, माझ्या जॅकीला त्या नर्सांच्या इंग्रजीच्या परीक्षेला बसव. शनिवारची तारीख मी बुक केलीय.' रडायचा बाकी होता गं डेल्रॉय.

जॅकलिन : मला माहितीये. तीन वर्षं झाली त्याला. दिवसभर त्या मटणाच्या फॅक्टरीत, थंडीत उभा. घरी आला की एकटा. मला म्हणाला, ह्या खेपेला नाही जमलं तर मी परत विचारणार नाही. रागानं नाही म्हणाला, म्हणून भीती वाटली.

अबोली : तिकडच्या हॉस्पिटलनंपण महिनाअखेरपर्यंतच जागा धरून ठेवलीय ना? मग लाव की जोर. खरं सांगू, मला तर हसूच येतं. तू कुत्र्याला हाकलतेस ती इंग्रजीत, भांडतेस ती इंग्रजीत. आणि शिकवायला कोण, तर कांदिवलीच्या मराठी शाळेतली अबोली! मी 'डिस्चार्ज'चं स्पेलिंग नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकले.

जॅकलिन : हस तू पण. सगळं गावठाण हसतंय. चर्चमध्ये मास संपला की बाहेर उभं राहायची सोय नाही. 'काय गं जॅकलिन, इंग्लिशमध्ये फेल? जॉनीची मुलगी?' तिकडच्या नर्सिंग काउन्सिलला मेल टाकून बघितला होता, की बाबांनो, माझ्या घरात दुसरी भाषाच नाही. म्हणाले, शिकलात कुठे? मुंबईत. मग द्या परीक्षा.

अबोली : बरं, थांब, वाचू दे. मिसेस ब्राउन, वय बहात्तर. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी चालली. पत्र लिहायचंय तिच्या घरी येणाऱ्या फिजिओला. हं. सुरुवात झकास. औषधं दोन ओळींत. जिने आहेत ते आलं. काठी आली. नवरा वारला, एकटी राहते, एवढंच. जॅकी?

जॅकलिन : काय?

अबोली : मांजरं कुठायत?

जॅकलिन : काढली.

अबोली : मी मुद्दाम टाकली होती ती प्रश्नाच्या कागदात. दोन मांजरं, एक आंधळं. सापळा होता तो.

जॅकलिन : कळलं ना मला. फिजिओला मांजरांचं काय करायचंय?

अबोली : पहिल्या खेपेला तू मांजरांमुळेच गेलीस. मांजर नव्हतं, पोपट होता तेव्हा. आठवतंय? कँटीनमध्ये माझ्याशी भांडलीस. म्हणालीस, बाई हॉस्पिटलात पडली तर पोपटाला दाणे कोण घालणार, हे नर्सला नको कळायला? सगळं लिहिलं होतंस. पोपट, शेजारीण, लांब राहणारी मुलगी. त्यांना नको असतं गं ते. ते बघतात, कुठलं सोडायचं हे कळतं का.

जॅकलिन : दुसऱ्या वेळी पण तेच केलं. हात थांबेच ना.

अबोली : आणि आज एक ओळ जास्त नाही. पंचवीस मिनिटांत. मी पास झाले तेव्हा माझंपण एवढं स्वच्छ नव्हतं. नापास होणारी बाई मांजरं सोडत नाही, जॅकी. माझ्याकडे बघ. तिसऱ्या वेळी काय झालं होतं?

जॅकलिन : सांगितलं ना तेव्हा. अर्ध्या मार्कानं...

अबोली : शपथ घे.

जॅकलिन : चहा ठेवते मी.

अबोली : बस खाली. चहाला हात लावलास तर बघ.

जॅकलिन : पास झाले होते.

अबोली : काय?

जॅकलिन : हळू! पास झाले होते. चारही पेपरांत. मंगळवारी रिझल्ट आला. कोणाला सांगितलं नाही, म्हटलं डॅडींना पहिलं सांगायचं. शुक्रवारी केक आणून, नीट, टेबलावर ठेवून. चाळीस वर्षं फोर्टात स्टेनो होता तो माणूस, अख्ख्या ऑफिसची पत्रं सुधारायचा. माझ्यापेक्षा त्यांनाच ती परीक्षा हवी होती. आणि गुरुवारी सकाळी बाथरूममध्ये पडले.

अबोली : स्ट्रोक.

जॅकलिन : हो. मग ICU, मग वॉर्ड, मग घर. डेल्रॉयनं फोनवर विचारलं, रिझल्टचं काय? तोंडातून निघून गेलं, गेले रे परत. तो बिचारा म्हणाला, असू दे, पुढच्या वेळी. एवढं सोपं होतं बघ.

अबोली : दोन वर्षं? दोन वर्षं तू त्याला आणि मला, सगळ्यांना...

जॅकलिन : पास म्हटलं असतं तर दुसरा प्रश्न काय आला असता? कधी येतेस? नापास बाईला कोणी काही विचारत नाही. सगळे बिच्चारी म्हणतात आणि पुढे जातात. नापास झाले तर चूक परीक्षेची. पास होऊन नाही गेले, तर चूक माझी. की मग डॅडींची.

अबोली : मग शनिवारी काय करणार होतीस?

जॅकलिन : मांजरं लिहून येणार होते. आंधळ्या मांजराचं नावसुद्धा.

अबोली : कमाल आहे तुझी. मग आज का नाही लिहिलीस? मला काहीच कळलं नसतं.

जॅकलिन : काय माहीत. वाटलं, एकदा कोणीतरी बघावं यार. थकलेय मी.

अबोली : रडू नकोस. नाही, रड, रड थोडी. थांब पण, तो रिझल्ट... तो तर दोन वर्षंच चालतो ना?

जॅकलिन : सव्वीस तारखेपर्यंत.

अबोली : आज पंधरा! अकरा दिवस राहिले! अगं, मग परीक्षाच कशाला? आत्ता फॉर्म भरून तो रिझल्ट जोडला की झालं काम!

जॅकलिन : आणि सत्तावीसला माझं इंग्रजी संपलं. दुधासारखं. पिशवीवर तारीखच छापलीय.

अबोली : विनोद नको करूस. अंकलना ठेवायची सोय बघू. ब्यूरोची बाई?

जॅकलिन : ठेवली होती. नीलम. चांगली होती गं, पण हिंदी बोलायची. डॅडी तोंड उघडायचे नाहीत, चार दिवस नीट जेवले नाहीत. मग चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात नेऊन बघितलं. तिथं सगळ्यांना माहिती, मिस्टर जॉनी म्हणजे इंग्लिश जंटलमन. येऊन गोड गोड इंग्रजी बोलायच्या. आणि हे रडायला लागले. लहान मुलासारखे.

अबोली : का पण?

जॅकलिन : कळतच नाही त्यांना. इंग्रजी गेलं. पूर्ण. आपण बोलतो ना, तर भिंतीकडे बघतात. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, नंतर शिकलेलं जातं आणि आईच्या तोंडचं राहतं.

अबोली : म्हणजे मराठी?

जॅकलिन : तुझी नाही. गावठाणातली, जुनी. त्यांची आई बोलायची ती. जी त्यांनी ह्या घरात येऊच दिली नाही. मी लहान असताना गल्लीत ऐकून कधी मराठीत पाणी मागितलं तर द्यायचे नाहीत, अबोली. तहान लागून बसायचे मी. 'से इट प्रॉपर्ली.' म्हणायचे, ही भाषा बोललीस तर ह्याच गल्लीत मरशील. मी मराठी शिकले ती वॉर्डात, पेशंट्सकडून आणि तुझ्याकडून. आणि डॅडींची ती जुनी बोली शिकले पलीकडच्या एथेल आंटीकडून. ब्याऐंशी वर्षांची आहे. तीच एक बोलते अजून, आणि तिला ऐकायला येत नाही. आता डॅडी पाणी मागतात ना, तर त्याच भाषेत. आणि कळतं फक्त मला.

अबोली : निदान तू बोलू तरी शकतेस त्यांच्याशी.

जॅकलिन : नाही ना! तेच तर तुला कळत नाहीये. त्यांच्या मुलीला मराठी येत नाही. त्यांना पक्कं माहितीये ते, त्यांनीच तर येऊ दिली नाही. आणि ही कोणीतरी बाई येऊन मराठीत बोलते, अंग पुसते, भरवते. मग ती जॅकलिन कशी असणार? नर्स असणार. एकदा म्हटलं, डॅडी, मीच आहे. तर हात झटकला. डॅडी म्हणायचं नाही. काका म्हणते मी त्यांना. दोन वर्षं झाली.

अबोली : अगं, मग एकदाच इंग्रजीत बोल. आवाज ओळखतील.

जॅकलिन : इंग्रजीत बोलले की भिंत. मराठीत बोलले की नर्स. तूच सांग, कुठल्या भाषेत मुलगी होऊ?

अबोली : बोचेल, पण बोलते हं. त्यांच्या लेखी तू गेलेलीच आहेस, जॅकी. मग खरंच का जात नाहीस? डेल्रॉय तरी मिळेल तुला. इथं तुला कोण ओळखतंय?

जॅकलिन : रोज तेच बोलते स्वतःशी. बॅगपण काढली होती माळ्यावरून एकदा. मग ते हाक मारतात. नाव माझं नसतं, पण हाक मलाच असते ना.

अबोली : आणि परीक्षेचं विचारत नाहीत कधी?

जॅकलिन : रोज. रोज विचारतात, माझ्या पोरीची परीक्षा होती, काय झालं? मी सांगते, अजून रिझल्ट नाही आला, काका. पास म्हटलं तर मग ती कुठाय विचारतील. आणि नापास म्हणवत नाही.

अबोली : मला डेल्रॉय फोन करणार आहे आज. काय सांगू त्याला? मी खोटं नाही बोलणार हां, सांगून ठेवते. अकरा दिवस, जॅकी.

जॉनी : (आतल्या खोलीतून) बाय! गो बाय!

जॅकलिन : आले, काका! ते दूध दे गं ओट्यावरचं. आणि चल आत, दारात उभी राहा, नवीन माणूस दिसलं की जरा बसते होतात.

जॉनी : पानी दे.

जॅकलिन : दूध आणलंय. टेका इथं. हां, असं. गरम आहे, हळू.

जॉनी : ती कोन?

जॅकलिन : अबोली सिस्टर. माझ्याबरोबर काम करते.

अबोली : नमस्कार, काका.

जॉनी : माजी पोर आली?

जॅकलिन : नाही आली.

जॉनी : परीक्षा व्हती तिची. इंग्लिसची. पास झाली का?

अबोली : जॅकी...

जॅकलिन : झाली, काका. पास झाली.

जॉनी : खरा बोलतंस?

जॅकलिन : खरं. चारही पेपरांत.

जॉनी : मना कोनी सांगला नाय.

जॅकलिन : तिला तुम्हालाच पहिलं सांगायचं होतं. केक आणणार होती. शुक्रवारी.

जॉनी : मंग रडतंस कनाला? हुशार हाय माजी पोर. मी शिकवला तिला. घरान एक अक्षर बोलू नाय दिला आपला.

जॅकलिन : माहितीये मला.

जॉनी : आता ती आली तं... मना इंग्लिस येत नाय आता. काय बोलू तिच्याशी?

जॅकलिन : काही बोलू नका. नुसतं बसा. तिला चालेल.

जॉनी : भली हायस गो तू. तुजा बापूस हाय?

जॅकलिन : आहे.

जॉनी : घरान?

जॅकलिन : हो, घरीच असतो.

जॉनी : मंग इतं कनाला थांबलीस? जा घरा. वाट बगत आसंल तो.

जॅकलिन : दूध संपवा आधी, काका. मग जाते.