सभामंडपाची तपासणी

सरकारी तपासणीत नुसत्या भिंतीच बघतात असं वाटतं ना तुम्हाला? मग ऐका. जामखेडकडच्या एका पंथानं सभामंडपासाठी निधी मागितला होता. मंडप सगळ्यांना खुला हवा, ही अट. पण तक्रार आली, की पंथ सोडलेल्या लेकीच्या घरी जेवली म्हणून कौसाबाई नावाच्या म्हातारीला त्यांनी वाळीत टाकलंय. म्हणून मी गेलो.

बघतो तर पंथाच्या बैठकीत कौसाबाई पुढच्याच रांगेत, आणि शेजारी तिचा मुलगा तिला चहा देतोय. प्रमुख म्हणाले, "बघा साहेब, कुठं हाय वाळीत?"

मी विचारलं, "आजी, काही त्रास?"

मुलाचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "न्हाई."

मी निघायला उठलो, तसा मुलानं हात सोडवून घेतला आणि लांब जाऊन उभा राहिला. म्हातारी लगबगीनं माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "साहेब, अजून थोडं बसा की. तुमी हाय तवरच त्यो बोलतोय माझ्याशी."

मी परत बसलो. उगाच दुसरा चहा मागितला.

निधी मी नामंजूर करायला लावला. त्यामुळे त्या गावात पुन्हा तपासणीला कुणी साहेब गेलाच नाही.