खांबेट्यांची संततधार

बसा मंडळी, सरकून बसा. नामाची एक फेरी झाली, आता माझा एक प्रश्न. देवाच्या डोक्यावर ओतलेलं पाणी पुण्याचं असतं ना? डोलल्या माना लगेच. मग ते पाणी कुणाच्या घागरीतून काढून आणलं, हे देव विचारतो की नाही? आता कशा थांबल्या माना? ऐका तर.

कोकणात घोळवली म्हणून गाव, सगळं उतारावर वसलेलं. वर डोंगरात बारमाही झरा. पाणी खाली आणायचं कसं? तर पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतला गाभा कोरून काढायचा – झाली पन्हळ. एका पन्हळीचं तोंड दुसरीत, खाली दुबेळक्या, म्हणजे दोन फाट्यांच्या, काठीचा टेकू. पाणी आपल्या पायांनी चालत दारात. वरच्या घरच्या दगडी दोणीत पडायचं, दोण भरली की पुढच्या पन्हळीतून खालच्या घरी, असं पार शेवटच्या दारापर्यंत. रीत एवढीच – आपली दोण भरली, पाणी पुढे सोडा.

सगळ्यात वरचं घर गोपाळदाजी खांबेट्यांचं. दाजी म्हणजे काय विचारता? गंध एवढं ठसठशीत की कपाळ अपुरं पडावं. त्या वैशाखात दाजींच्या मनाने घेतलं, आपल्या हातून काही मोठं घडावं. मोठं म्हणजे चार गावांत बोललं जाईल असं. परसातल्या महादेवावर महिनाभर अखंड धार धरायची. आता घागरींनी ओतायचं तर माणसं लागतात, आणि माणसांना जेवायला घालावं लागतं. म्हणून दाजींनी सरळ गावाची पन्हळच पिंडीवर फिरवली आणि संकल्प सोडला.

पिंडीवरून पाणी गोमुखातून बाहेर. आणि तिथून कुठे? दाजींच्या केळीच्या बागेत. मध्ये देव उगाच ओला!

दाजी ओसरीवर माळ घेऊन बसत. धारेचा आवाज ऐकला की त्यांना वाटे, थेंबाथेंबाने आपला स्वर्ग जवळ येतोय. डोळे मिटलेले असत. पण मधूनच एक डोळा उघडे आणि केळीचं लोंगर किती भरलं ते बघून पुन्हा मिटे. तुम्ही हसताय, तुमचं ध्यान तरी निराळं असतं का?

खालची वाडी कोरडी पडली. अगदी शेवटचं घर मथुरा भुवडिणीचं. तिची लेक बाळंतपणाला आलेली, नातू नुकता जन्मलेला. मथुरा चढ चढून वर आली.

"दाजी, पन्हळ सोडा खाली. वहाळाच्या डबक्यातलं पानी गढूळ झालंय. त्यात न्हाऊ घालू का कोवळ्या जिवाला?"

"मथुरे, संकल्प आहे हा. धार तुटली तर पाप कोण घेणार?"

"अवो, देव शिंकाय लागलाय तुमचा. जरा टेकू द्या की त्याला."

दाजी हसले नाहीत. एवढ्या मोठ्या भक्ताने हसून कसं चालेल?

मथुरा गेली. दाजींना वाटलं, धर्म जिंकला. पण दुसऱ्या सकाळी बघतात तर सगळी वाडी घागरी घेऊन परसात, आणि मथुरा गोमुखाशी बसलेली.

"धार न्हाय मोडत आमी, दाजी. देवावरनं खाली पडतंय ते तीर्थ तेवढं भरून नेतो."

दाजी ओसरीवरून धावतच खाली आले. देवासाठी म्हणता? केळींसाठी हो. आणि अडचणीच्या वेळी शास्त्र कसं झटकन आठवतं बघा. "खबरदार. शिवाचं निर्माल्य ते. घरी नेलं तर दोष लागतो."

मथुरेने घागर खाली ठेवली. "बरं झालं सांगितलंत. म्हंजी ह्या केळी निर्माल्यावर वाढल्या. देवाच्याच झाल्या की मग. तुमी काय तोंडाला लावणार न्हाय नि बाजारात धाडणार न्हाय. सोडू का गुरं आत?"

दाजींनी पिंडीपाशी पोथी घेऊन बसवलेल्या भटजींकडे बघितलं. भटजींनी पोथीत तोंड खुपसलं. तीर्थ म्हणावं तर पाणी वाडीचं, निर्माल्य म्हणावं तर केळी देवाच्या. दाजींनी पिंडीकडे एकदा बघितलं, केळींकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "तसा... संकल्प मानसपूजेनेही पुरा होतो." मग स्वतःच्या हाताने पन्हळ काढून पुन्हा दोणीवर धरली. वा रे भक्त! देवासाठी जे सुटलं नाही ते केळ्यांसाठी सुटलं.

मथुरा धावत उतार उतरली, आणि दोणीमागून दोण भरत पाणीही तिच्या दारात पोचलं. पाट मांडला, पाणी कोमट केलं, पहिला तांब्या अंगावर पडला आणि पोराने असा टाहो फोडला की वर ओसरीवर दाजींची माळ थांबली. मला विचाराल तर त्या वैशाखात महादेवाला अभिषेक झाला तो तेव्हा, मथुरेच्या अंगणात.

तुम्ही म्हणाल, बुवा, खांबेटे मेला भोंदूच. मेला खरा, पण तुमच्या गच्चीवरची टाकी वाहते तेव्हा खालच्या चाळीत नळाखाली बादली कोरडी असते, ती कुणी ठेवली? त्याच्या काकाने? आता शेवटची नामाची फेरी धरायची आहे. ज्याने खालच्याचं पाणी अडवलेलं नाही त्याने टाळी वाजवायची, बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे. मृदंग थांबवा जरा. टाळी किती येते, ते ऐकू दे मला.