दक्षिणेचं दार

परभणी स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी दोन व्यापारी बोलत होते.

“कापसाच्या गोदामाला इजाजत मिळाली का, सांबप्पा?”

“मिळाली बाबा. आगीच्या कायद्यानं दोन दारं पायजेत. नकाशात दुसरं दक्षिणेला होतं, ते म्या लिंबाजी गवंड्याला बुजवायला लावलं.”

“दक्षिणेला दार कोन ठेवतंय.”

“तेच की. पर तपासनीस आले, म्हनले, दुसरं दार कुठंय? लिंबाजीनंच भिंतीत पहार घातली, तर विटा भसाभस निघाल्या. आत चौकट उभीच.”

“पक्कं बुजवलंच नव्हतं?”

“चुना न्हाई, नुसती माती. म्हनला, मालक, आग लागल्यावर दिशा कोन बघतंय.”

“अन् आता ते दार?”

“उघडंच हाय. काल दुपारी तिथंच खाट टाकून निजलो. लय गार वारा येतो.”