भेट नव्हे, पगार

कर कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“आई, हे म्हणतात, तुम्हाला देतो ते पैसे भेट म्हणून दाखवू. कर लागणार नाही.”

“भेट कसली? रोज आठ ते सहा तुमची जुळी सांभाळते. पगार आहे तो.”

“घरातल्या घरात कसला हो पगार?”

“माझ्याआधीच्या बाईंना देत होतात, तो काय होता?”

“पण कर तुमच्याच पैशांतून जाईल.”

“जाऊ दे. भरते मी.”

खिडकी आली. कारकुनाने न बघताच विचारलं, “व्यवसाय? गृहिणी लिहू?”

“मुळीच नाही. मुलं सांभाळते, असं लिहा.”

“पगार कोण देतं?”

“माझा मुलगा. त्यालाही मीच सांभाळलं, पण तेव्हा फुकट.”