ड्रोनचं कपाळ

ड्रोन अडला की मी आधी स्वतःलाच शिव्या घालतो, पण त्या दसऱ्याला चूक माझी नव्हती. झाशीजवळच्या टहरौलीला एका शोरूमच्या उद्घाटनाचं शूटिंग करायचं होतं आणि ड्रोन काही उडेना. स्क्रीनवर एकच धोशा, समोर अडथळा आहे. समोर तर मोकळं शेत. मी पाती बदलली, बॅटरी बदलली. कात्री घेऊन उभे असलेले मालक सारखे विचारत होते, "भैया, ये उड़ेगा कि हम फीता काट दें?"

शेवटी नीट पाहिलं, तर पुढच्या सेन्सरवर लाल भुकटी. झाशीला आईला फोन लावला.

"आई, ड्रोनला काय केलंस?"

"काल खंडेनवमी नव्हती का? विळी-कात्रीबरोबर त्याचीही पूजा केली. कपाळाला कुंकू लावलं."

"अगं, तो त्याचा डोळा आहे."

"एवढंसं तोंड त्याचं, कपाळ कुठं शोधू?"

रुमालानं सेन्सर पुसला, तसा ड्रोन झपकन वर गेला. फीत कापली, टाळ्या झाल्या. आई अजून फोनवरच होती.

"पुसलंस ना कुंकू? आता दृष्ट लागून पडला तर मला सांगू नकोस."

मी हसून फोन ठेवला. ड्रोन खाली उतरल्यावर मात्र रुमालावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि हळूच बॅटरीच्या झाकणाला लावलं.