लंडनची शिट्टी

...नाही, फसवावं माणसानं, पण अकरा वर्षं? तुम्हाला सांगतो, चोरसुद्धा एका घरात अकरा वर्षं थांबत नाही हो! आणि फसवलं कोणी, तर धनराजनं. शालिमार चौकाजवळ त्याचं कॅसेट भरून द्यायचं दुकान, आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, तो दोन डेक जोडून भरून द्यायचा. त्र्याण्णव साली मी कॉलेजात, डोक्यात एकच खूळ, कॉपर व्हल्चर नावाचा रॉक बँड, आणि तोही लाइव्हच पाहिजे! स्टुडिओतलं गाणं म्हणजे फ्रिजमधली भाजी हो, त्यात काय जीव? रोज संध्याकाळी धनराजच्या मागे भुणभुण, 'लाइव्ह आलं का? लाइव्ह आलं का?' आणि एके दिवशी त्यानं ठेवली ना हातावर! वर त्याच्या वळणदार अक्षरात, 'कॉपर व्हल्चर, लाइव्ह, लंडन'.

काय कॅसेट होती! गिटारवाला सोलो सुरू करतो, चढत चढत जातो आणि नेमक्या टोकाला... पब्लिक उसळते! एक शिट्टी येते, मधेच तुटलेली, फिरून उठलेली, अंगावर काटा! आपल्याकडे लोक गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतात, तेही शेजारच्याकडे बघून. तिकडे बघा, पब्लिकला कळतं हो! आणि शिट्टीमागोमाग तो ड्रमर! असा काही कडकडाट, की मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात त्याच्यावर पानभर लेख लिहिला, 'पाश्चात्त्य तालवाद्यांतली क्रांती'. मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा पोह्यांच्या आधी विचारलं, 'तुम्हाला लाइव्ह आवडतं की स्टुडिओ?' मोहिनी म्हणाली, 'आई म्हणेल ते.' तरी केलं लग्न!

आणि परवा, म्हणजे आता दोन हजार चार साली, मोहिनीचे मामा आले सायखेड्याहून, कारभारीमामा. म्हटलं, ऐकवू या, पब्लिक कशी असते ते कळू दे. मामा चहा बशीत ओतताहेत, शांत. सोलो आला, शिट्टी आली... आणि बशी खाली ठेवून मामा म्हणतात, "जावईबापू, ही शिट्टी माझी हाय."

मी हसलो हो! मामांनी दोन बोटं तोंडात घातली... तीच! मधेच तुटलेली! "पुढचा दात नाय ना, म्हणून तुटती. आमच्या जत्रंतली कुस्ती हाय ही. गोटीराम पैलवानानं मालेगावचा गडी चितपट केला, तव्हाची. थांबा, आता हलगी वाजंल." आणि वाजली! माझी क्रांती वाजली!

तसाच गेलो धनराजकडे. तो आता मोबाइलची कव्हरं विकतो. मान खाली. "अरे, तीन महिने रोज यायचास. लाइव्ह कुठून आणू मी? त्यांची साधी स्टुडिओतली कॅसेट होती, आणि सायखेड्याच्या जत्रेत मी टेप केलेली कुस्ती होती. शिट्टी नेमकी कुठे टाकायची, चार दिवस बसून जमवलं. तुझं तोंड बघवत नव्हतं रे..." घ्या! म्हणजे दयेपोटी फसवलं! भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाही!

मग हट्टानं मुंबईहून खरी सीडी मागवली. खरं लंडन, खरी पब्लिक. सोलो टोकाला गेला... शांतता. गाणं संपलं, मग टाळ्या. शेजारच्याकडे बघूनच वाजवल्या असणार! फार वाईट वाटलं हो, धनराजनं फसवलं त्यापेक्षा जास्त. सीडी टाकली कपाटात आणि पुन्हा कॅसेट लावली. काय करता? सायखेड्याच्या पब्लिकला कळतं हो.